कपाची सगळ्यात खालची पायरी

एफए कप कधी सुरू होतो असं विचारलं, तर आपल्याकडचे फुटबॉल बघणारे बहुतेक जण 'जानेवारीत' असं सांगतील. त्यांचं काही चुकत नाही. लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टरचे दोन्ही क्लब जानेवारीतच उतरतात आणि टीव्हीवरही कप तेव्हाच दिसायला लागतो. पण जानेवारीतल्या त्या फेरीचं नाव आहे 'तिसरी फेरी'. मग पहिली आणि दुसरी गेली कुठे? ती नोव्हेंबर-डिसेंबरात होऊन जाते. आणि गंमत म्हणजे त्या पहिल्याच्याही आधी सहा फेऱ्या असतात... चार 'क्वालिफाइंग', त्याआधी एक 'प्रिलिमिनरी' आणि तिच्याही आधी 'एक्स्ट्रा प्रिलिमिनरी'. म्हणजे प्राथमिकच्या आधीची जादा प्राथमिक! आपल्याकडे बालवाडीच्या आधी प्लेग्रुप निघाला, त्यातलाच प्रकार.

ही जादा प्राथमिक फेरी ऑगस्टच्या सुरुवातीला असते. येत्या शनिवारी आहे. आमच्या गावच्या क्लबचा सामना आहे, आणि तोही घरच्या मैदानावर. जुलैत ड्रॉ जाहीर झाला तेव्हापासून मी या शनिवाराची वाट बघतोय. क्लबचं नाव सांगत नाही, कारण पाच-सहा मैलांच्या पलीकडे ते कोणाला माहीत असायचं काही कारण नाही.

परवा कोल्हापूरच्या मित्राला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाला, "भावा, मँचेस्टरच्या उशाला ऱ्हातोयस, आणि तिथं जाऊन पण तालमीचीच मॅच बघतोस व्हय?"

अगदी बरोबर बोलला. तालमीचीच मॅच. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा असतो. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... यांच्यात सामना असला की शाहू स्टेडियम भरून जातं. फुटबॉलच्या संघाच्या नावात 'तालीम' कशाला, असं पुण्या-मुंबईचे मित्र मला नेहमी विचारायचे. तर पेठेतली पोरं जमायची ती कुस्तीच्या तालमीत. मग गणपतीचं मंडळही तेच आणि फुटबॉलचा संघही तोच. तिथे वाढलेल्या माणसाला लँकेशायरमधल्या एखाद्या लहान गावच्या क्लबच्या फाटकातून आत जाताना परकं वाटत नाही. पाऊस तेवढा जास्त. (तोही गगनबावड्याइतका नाहीच.)

आता थोडी पायऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. इंग्लंडमध्ये सगळ्यात वर प्रीमियर लीगचे २० क्लब, त्याखाली तीन पायऱ्यांवर प्रत्येकी २४. झाले ९२. एवढेच 'लीग'वाले. पाचव्या पायरीपासून खाली जे कोणी आहेत ते सगळे 'नॉन-लीग'. आमचा क्लब नवव्या पायरीवर आहे. तरीही कप एकच. दरवर्षी सातशेहून जास्त क्लब यात उतरतात. २०११-१२ साली तर ७६३ उतरले होते. जादा प्राथमिक फेरीपासून सुरुवात करणाऱ्याला नोव्हेंबरातली पहिली फेरी गाठायची तर सहा सामने जिंकावे लागतात, आणि कप जिंकायचा तर एकूण चौदा. आजवर कोणी जिंकलेले नाहीत. पण कागदावर रस्ता सलग आहे, मधे कुठे भिंत नाही.

हा रस्ता असा लांबलचक कसा झाला, याची गोष्ट मला त्या रस्त्यापेक्षाही जास्त आवडते.

कपाची कल्पना चार्ल्स अल्कॉक या माणसाची. हा एफएचा, म्हणजे फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी. हॅरो या बड्या शाळेत तो शिकला होता आणि तिथे वसतिगृहांच्या आपसात बाद पद्धतीच्या स्पर्धा चालायच्या. त्याच धर्तीवर क्लबांची स्पर्धा घ्यावी असं त्याने २० जुलै १८७१ ला एफएच्या बैठकीत सुचवलं. पहिल्या वर्षी नावं आली पंधरा क्लबांची. चषक बनवायला वीस पौंड लागले.

११ नोव्हेंबर १८७१, शनिवार. त्या दिवशी पहिल्या फेरीचे चार सामने झाले. क्लॅपहॅम रोव्हर्सने अप्टन पार्कला ३-० हरवलं, आणि जार्विस केनरिकच्या नावावर कपातला पहिला गोल लागला. मेडनहेडने मार्लोला २-० हरवलं. बार्न्सने सिव्हिल सर्व्हिसला तेवढ्याच गोलांनी. आणि हिचिन विरुद्ध क्रिस्टल पॅलेस ०-० बरोबरीत सुटला, तर दोघांनाही पुढे पाठवून दिलं! तेव्हा तशी सोय नियमात होती.

पुढची हकिगत वाचताना मला गल्लीतल्या टेनिस बॉल टूर्नामेंटची आठवण होते. हॅरो चेकर्स नावाचा क्लब आलाच नाही, म्हणून वाँडरर्सला पुढे चाल मिळाली. दुसऱ्या फेरीत त्यांनी क्लॅपहॅमला हरवलं. मग पॅलेसशी बरोबरी, दोघेही पुढे. उपांत्य सामन्यात ग्लासगोच्या क्वीन्स पार्कशी ०-०. फेरसामना खेळायला पुन्हा लंडनला यायचं तर क्वीन्स पार्ककडे गाडीभाड्याचे पैसे नव्हते, त्यामुळे त्यांनी माघार घेतली. अशा रीतीने सबंध स्पर्धेत एक सामना जिंकून वाँडरर्स अंतिम फेरीत पोचले. तिथे १६ मार्च १८७२ ला ओव्हलच्या मैदानावर त्यांनी रॉयल इंजिनिअर्सला १-० हरवलं. गोल करणाऱ्याचं नाव लागलं 'ए. एच. चेकर'. खरं नाव मॉर्टन पीटो बेट्स. तो मूळचा त्या न आलेल्या हॅरो चेकर्सचा, म्हणून हे टोपणनाव. बघायला माणसं सुमारे दोन हजार.

यातलं काय लक्षात ठेवायचं? तर हे की त्या दिवशी सगळेच 'नॉन-लीग' होते. लीग नावाची वस्तूच जन्माला आलेली नव्हती. शनिवारी दुपारी मोकळी असलेली माणसं, एक बरं मैदान आणि फाटक. ११ नोव्हेंबर १८७१ चे सामने आणि येत्या शनिवारचे सामने यांच्यात माणसांच्या संख्येने म्हणा, पैशाने म्हणा, फारसा फरक नाही. वेम्ब्लीवरचा अंतिम सामनाच काय तो अनोळखी झालाय. मेडनहेड आणि मार्लो हे दोन्ही क्लब अजून आहेत. मेडनहेडचं यॉर्क रोडचं मैदान १८७१ पासूनचं; एकाच क्लबने सलग वापरलेलं सगळ्यात जुनं मैदान म्हणून त्याचं नाव घेतात.

फरक होता तो एकच. ती मोकळी माणसं कोण होती हा. शाळा-कॉलेजांचे माजी विद्यार्थी, लष्करातले इंजिनिअर अधिकारी, सरकारी नोकर. (त्या इंजिनिअर्सच्या संघातला हेन्री रेनी-टेलयुअर हा आपल्या मसुरीत जन्मलेला. पुढे १८९१ साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू केला तोही गोऱ्या पलटणींतल्या लोकांनीच. बाद पद्धतीचा कप ही वस्तू कुठवर पोचली बघा.) गिरणीतल्या माणसाला शनिवारची दुपार मिळाली ती १८५० च्या फॅक्टरी कायद्याने. बायका आणि कोवळी पोरं यांचं काम शनिवारी दोन वाजता थांबलं पाहिजे असं कायद्याने ठरलं, आणि ती गेल्यावर गिरणी तरी कशी चालणार? म्हणून सगळ्यांनाच सुट्टी. दोनला भोंगा, घरी जाऊन तोंडावर पाणी मारायचं, तीनला मैदान. आजही सामना तीनला सुरू होतो तो या भोंग्यामुळे. आमचाही शनिवारी तीनलाच आहे.

आता डार्वेनची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

डार्वेन हे ब्लॅकबर्नच्या खालच्या अंगाचं गिरण्यांचं गाव. तिथे १८६७ च्या सुमारास बांधलेलं तीनशे फुटांचं एक धुराडं अजून उभं आहे आणि त्या गिरणीचं नाव 'इंडिया मिल'. नाव उगाच नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि १८६१ ते ६५ तिथला कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबई बंदरातून आपला कापूस तिकडे जायला लागला. इथे त्या कापसाला 'सुरती' म्हणत आणि आखूड धाग्याचा म्हणून विणकर त्याला शिव्या घालत. त्याच कापसाने तिकडे मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये ओसरलाही. असो. तर त्या डार्वेनचा गिरणी कामगारांचा संघ १८७९ मध्ये कपाच्या शेवटच्या टप्प्यात पोचला. समोर कोण, तर ओल्ड इटोनियन्स. ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. त्या टप्प्यावरचे सामने लंडनलाच, ओव्हलवर, असा नियम. म्हणजे गिरणीतून सुटून लंडन, खेळून परत, आणि पुन्हा कामावर.

पहिल्या सामन्यात डार्वेन १-५ असं मागे पडलं. शेवटच्या पंधरा-एक मिनिटांत त्यांनी चार गोल करून ५-५ केलं. जादा वेळ खेळू या म्हणाले, तर इटोनियन्स नको म्हणाले. मग पुन्हा लंडन. गावात वर्गणी काढली. २-२. पुन्हा वर्गणी, पुन्हा लंडन. तिसऱ्या खेपेला थकलेला संघ ६-२ ने हरला आणि इटोनियन्सनी त्या वर्षी कप नेला. डार्वेनमध्ये फर्गस सूटर नावाचा ग्लासगोकडचा पाथरवट खेळत होता. इथला दगड फार कठीण म्हणून त्याने छिन्नी सोडली, आणि मग त्याचं पोट कशावर चालायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण उघड बोलायचं नाही. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली 'द इंग्लिश गेम' ही मालिका त्याच्यावरच आहे. बघायला छान, इतिहास म्हणून बेतानेच घ्या.

(याच डार्वेनला सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी येऊन राहिले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचं काम गेलं त्यांनाच भेटायला. गिरणीतल्या बायकांच्या गराड्यात गांधीजी आणि बायका हात उंचावून त्यांचा जयजयकार करतायत, हा प्रसिद्ध फोटो तिथलाच. फुटबॉलशी याचा संबंध नाही, पण मी त्या गावातून जातो तेव्हा मला दोन्ही आठवतं.)

डार्वेनला जे जमलं नाही ते चार वर्षांनी शेजारच्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने केलं. विणकर, प्लंबर, लोखंडाच्या भट्टीवरचे कामगार. ३१ मार्च १८८३ ला त्यांनी जादा वेळेत ओल्ड इटोनियन्सला २-१ हरवलं. सामन्याआधी हा संघ ब्लॅकपूलला जाऊन सराव करून आला होता, आणि त्यावरूनही कोणाकोणाची नाकं मुरडली होती. खेळासाठी मुद्दाम तयारी करणं हे सभ्य माणसाचं लक्षण नव्हे! त्यानंतर शाळावाल्यांच्या संघांना कप पुन्हा कधीच मिळाला नाही. दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, खेळाडूंना पैसे देणं रीतसर झालं.

इथून पुढे मात्र गोष्टीला वेगळंच वळण लागतं. पैसे द्यायची मुभा मिळाली, पण पैसे होते कोणाकडे? ऑलिम्पिककडे नव्हते. १८८९ मध्ये, कप जिंकल्यावर सहा वर्षांत, तो क्लब बंद पडला. ज्यांनी दार फोडलं तेच चेंगरले. शेजारचा ब्लॅकबर्न रोव्हर्स तेवढा मोठा होत गेला.

आणि दरी किती पडली ते १५ ऑक्टोबर १८८७ ला सगळ्यांना दिसलं. कपाच्या पहिल्या फेरीत प्रेस्टन नॉर्थ एंडने हाइड नावाच्या क्लबला हरवलं. किती? २६-०. हा कपातला विक्रम अजून मोडलेला नाही. कपात तेव्हा सुमारे दीडशे क्लब असायचे आणि सगळे एकाच टोपलीत. म्हणजे कोणाच्याही वाट्याला प्रेस्टन येऊ शकत होतं.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, दोन गोष्टी झाल्या. बर्मिंगहॅमच्या विल्यम मॅकग्रेगर या कापडदुकानदाराच्या पुढाकाराने बारा क्लबांनी एकत्र येऊन लीग सुरू केली. सहा लँकेशायरचे, सहा मधल्या इंग्लंडचे. आणि त्याच हंगामात एफए कपाला पात्रता फेऱ्या लागल्या. आधी आपसात खेळा, जे उरतील ते मोठ्यांपुढे या. 'लीग' जन्माला आली त्याच वर्षी 'नॉन-लीग'ही जन्माला आला, आणि त्याच्यासाठी ही चाळणी. हेतू स्पष्ट होता. बारीकसारीक क्लब बाहेर ठेवायचे.

पण झालं काय? लीगच्या बारापैकी एक असलेल्या स्टोकलाही त्या वर्षी पात्रता फेरी खेळावी लागली. त्यांनी राखीव खेळाडू पाठवले आणि वॉरिक काउंटी नावाच्या क्लबकडून १-२ असे हरले. चाळणी लावल्या वर्षीच चाळणीत मोठा दगड अडकला! मला हा प्रसंग फार आवडतो. वॉरिक काउंटीचं पुढे काही विशेष झालं नाही, पण त्या शनिवारी संध्याकाळी ते घरी कसे परतले असतील याची कल्पना करा.

पुढचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, म्हणून भराभर सांगतो. १९०१ मध्ये टॉटनहॅम लीगमध्ये नसताना कप जिंकलं. लीग निघाल्यानंतर असा दुसरा कोणी नाही. १९२५-२६ पासून वरच्या दोन विभागांचे क्लब थेट तिसऱ्या फेरीत यायला लागले, म्हणजे आज टीव्हीवर दिसतो तो जानेवारीचा कप. १९४९ मध्ये योव्हिलने आपल्या उतरत्या मैदानावर संडरलँडला हरवलं, १९७२ मध्ये हेरफर्डने न्यूकॅसलला. हेरफर्डचा रॉनी रॅडफर्ड सुतारकाम करायचा. चिखलातून त्याने लांबून मारलेला तो गोल अजून दर जानेवारीत दाखवतात.

पण हे सगळे लहान विरुद्ध मोठे. लहान विरुद्ध लहान कोण दाखवणार? त्याच हेरफर्डवाल्या हंगामात, नोव्हेंबर १९७१ मध्ये, चौथ्या पात्रता फेरीत ॲल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी हे दोन क्लब समोरासमोर आले. ॲल्व्हचर्च म्हणजे बर्मिंगहॅमजवळचं खेडं. सामना २-२. फेरसामना, १-१. पुन्हा, १-१. मग ०-०. मग परत ०-०. सहावा सामना व्हिला पार्कवर, म्हणजे ॲस्टन व्हिलाच्या अवाढव्य मैदानावर, आणि तिथे एकदाचं ॲल्व्हचर्चने १-० जिंकलं. एका निकालासाठी एकूण अकरा तासांचा खेळ! कपाच्या इतिहासातली ही सगळ्यात लांबलेली लढत. आणि बक्षीस काय, तर पहिल्या फेरीत आल्डरशॉटशी सामना, तोही काही दिवसांतच. तिथे ते ४-२ ने हरले.

कल्पना करा. कामावरून सुटून, महिन्यात सहा वेळा, त्याच अकरा माणसांसमोर. तिसऱ्या-चौथ्या सामन्यानंतर एकमेकांच्या बायकामुलांची नावंही पाठ झाली असतील. आज असं होणं शक्य नाही. एक फेरसामना आणि मग पेनल्टी असं कधीच झालं होतं, आणि २०२४-२५ पासून तर पहिल्या फेरीपासून पुढे फेरसामनेच काढून टाकले. मोठ्या क्लबांचं वेळापत्रक भरलेलं असतं, हे कारण. खरंही असेल. पण फेरसामना म्हणजे लहान क्लबाला मोठ्याच्या मैदानावरच्या गेटचा वाटा. त्यात अख्ख्या वर्षाचा खर्च निघायचा. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्यापैकी कोणी कधी क्लबाच्या गवत कापायच्या यंत्रासाठी लॉटरीची तिकिटं विकली असतील असं मला वाटत नाही.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण या फेरीत तो फार थोडा असतो आणि म्हणूनच फार महत्त्वाचा. २०२३-२४ मध्ये जादा प्राथमिक फेरी जिंकणाऱ्याला १,१२५ पौंड आणि हरणाऱ्याला ३७५ होते. वरच्या एखाद्या खेळाडूला तेवढे सामन्याआधी बुटाची नाडी बांधेपर्यंत मिळत असतील. आमच्याकडे ७५० पौंडांचा तो फरक म्हणजे लांबच्या दोन सामन्यांची बस. क्लबाचे खजिनदार (सत्तरी ओलांडलेले, फाटकावर तेच तिकीट फाडतात) मला मागे म्हणाले होते, "तुम्ही गोल मोजा, मी चहाचे कप मोजतो."

ते गमतीने म्हणाले, पण क्लब मरतात हे खरं आहे. वर ज्यांची नावं घेतली त्यांच्याकडेच बघा. ऑलिम्पिक १८८९ मध्ये गेलं. ॲल्व्हचर्चचा तो अकरा तासवाला क्लब १९९२ मध्ये बंद पडला. डार्वेन २००९ मध्ये. हेरफर्ड युनायटेड, रॅडफर्डच्या गोलचं हेरफर्ड, डिसेंबर २०१४ मध्ये कोर्टाने गुंडाळलं. २०१९ मध्ये आमच्याच भागातल्या बरीला लीगने काढून टाकलं. दोनदा कप जिंकलेला क्लब तो. यातल्या ॲल्व्हचर्च, डार्वेन, हेरफर्ड तिघांच्याही गावी लोकांनी पुन्हा क्लब उभा केला. थोडं वेगळं नाव, तेच रंग. आणि उभा करून पुन्हा जायचं कुठे, तर खालच्या पायऱ्यांवर. १८८८ ची ती चाळणी बारीक लोकांना बाहेर ठेवायला लावली होती, आणि आज बुडालेल्यांना परत वर यायचा जिना तोच आहे. हेरफर्डच्या नव्या क्लबालाही कपात ऑगस्ट-सप्टेंबरच्या त्या फेऱ्यांतूनच यावं लागलं.

म्हणून मला जानेवारीपेक्षा ऑगस्टची वाट जास्त बघावीशी वाटते. जानेवारीत लहान क्लब पाहुणा असतो. त्याच्या मैदानाचे, चहाच्या टपरीचे, सुतारकाम करणाऱ्या गोलकीपरचे कौतुकाने फोटो काढतात. जानेवारी २०२१ मध्ये क्रॉस्बीच्या मरीनकडे टॉटनहॅम आलं होतं. आठव्या पायरीचा क्लब, दोघांत १६१ जागांचं अंतर. कोविडमुळे आत कोणालाच सोडत नव्हते, तर लोकांनी दहा-दहा पौंडांची खोटी तिकिटं, म्हणजे जागा नसलेली, तीस हजारांवर विकत घेतली! मरीन ०-५ ने हरलं आणि त्यांची काही वर्षांची चिंता मिटली. छानच झालं. पण त्यांनी ते सामने सप्टेंबरपासून एकेक करून जिंकले होते, आणि त्यातले सुरुवातीचे सामने त्यांच्या बरोबरीच्यांशी होते. तिथे कोणी कोणाचं कौतुक करत नाही. दोघांनाही जिंकायचंच असतं.

शनिवारचा सामनाही तसाच. या फेऱ्यांचा ड्रॉ भागाभागाने काढतात, त्यामुळे समोर शेजारचंच गाव आलंय. डोंगराच्या पलीकडचं. त्यांच्याकडेही एक मिल होती, आमच्याकडेही. त्यांची पाडून सुपरमार्केट झालं, आमच्या मिलमध्ये फ्लॅट झाले, आणि यात कोणाचं जास्त वाईट झालं यावर वाद चालतो. आमचा डावा बॅक इलेक्ट्रिशियन आहे आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो त्यांच्याकडून खेळायचा, त्यामुळे त्याला शनिवारी काय काय ऐकावं लागणार आहे ते ठरलेलं आहे. मधल्या फळीतला शाळामास्तर सुट्टीवरून शुक्रवारी रात्री परत येतोय म्हणतात. विमान वेळेवर आलं तर. मागच्या मोसमात लीगमध्ये आम्ही त्यांच्याकडे हरलो होतो आणि आमच्याकडे बरोबरी. आपली पोरं या वेळी मारतील असं माझं मत. खजिनदारांचं मत विचारलं, तर त्यांनी आभाळाकडे बघितलं.

गर्दी होऊन होऊन किती होईल? नेहमी दीडशे असते. कप आहे, शेजारी आहेत, ऑगस्टचं ऊन आहे, तर अडीचशेपर्यंत जाईल. चहा, पाय (खायचा, मांस-बटाट्याचा), रॅफलचं तिकीट. मी पत्नीला विचारलं येतेस का, तर ती म्हणाली, "सहावी फेरी आली की सांगा." मुलगा येणार आहे. त्याला कपाच्या यादीत आपल्या क्लबचं नाव बघून फार नवल वाटलं. यादी क्रमाने असते, सामना क्रमांक अमुक, घरचा संघ, पाहुणा संघ. दोनशेच्या वर ओळी. त्यात आपली ओळ कुठे आहे ते त्याने पेन्सिलीने खूण करून ठेवलंय, आणि त्याच पानाच्या मागच्या बाजूला पुढच्या फेरीची यादी आहे. दोन्ही ड्रॉ एकदमच काढतात. जिंकलो तर दोन आठवड्यांनी, एका पायरीने वरच्या क्लबकडे, त्यांच्या मैदानावर. तिकडे बस जात नाही. दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि शेवटचे दोन मैल चालत. मी वेळापत्रक बघून ठेवलंय.